नोबिता पाचवीत का जात नाही

नोबिता अजून चौथीतच आहे. शून्य मार्कांचा पेपर अजून आईपासून लपवतो, जियानचा मार अजून खातो आणि घरी येऊन डोरेमॉनच्या गळ्यात पडून अजून भोकाड पसरतो. दरम्यान, त्याला बघत बघत वरणभात खाणाऱ्या माझ्या मुलाचा पीएफ कापला जायला लागलाय.

डोरेमॉन, म्हणजे नोबिता आणि भविष्यातून आलेला त्याचा रोबो बोका यांचं जपानी कार्टून, आपल्याकडे हंगामा वाहिनीवर हिंदीतून आलं ते २००५ च्या सुमारास. त्या वर्षांत ज्यांच्या घरात बालवाडीतलं पोर होतं त्यांना ती हिंदी आठवत असेल. आजीच्या हाताखाली वाढलेली, मराठी माध्यमात जाणारी मुलं "भूक लागली" म्हणायचं सोडून "मुझे ज़ोरों की भूख लगी है" म्हणायला लागली. आमच्याकडे तर भांडणंही हिंदीतून व्हायची, कारण चिरंजीवांचा रागवायचा सगळा शब्दसाठा नोबिताच्या आईकडून आलेला.

गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. जाऊबाईंची नात टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेली आणि हा तिच्या शेजारी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन. पडद्यावर नोबिताची आई नेहमीप्रमाणे कडाडत होती. लहानपणी हा तिला 'खडूस बाई' म्हणायचा. आता थोडा वेळ बघून मला म्हणाला, "आई, तिचं बरोबर आहे गं. हा पोरगा खरंच काही करत नाही." मधेच नातीने विचारलं, "काका, हा पाचवीत कधी जाणार?" याने चिवड्यातले दाणे वेचता वेचता सांगून टाकलं, "नापास होतो ना सारखा!" तिचं समाधान झालं.

माझं झालं नाही. चित्रातल्या माणसाला वय नसतं, त्याला कुठे दाढीमिशा फुटतात, हे उत्तर सगळ्यांच्याच तोंडावर असतं आणि ते अर्धंच खरं आहे. हाडामांसाची मुलं घेऊन मालिका काढली की दोन वर्षांत आवाज फुटतो, उंची वाढते, लेखकाची पंचाईत होते. आपल्या मराठी मालिकांनी त्यावर उपाय शोधला आहे तो 'लीप'चा. शुक्रवारी पाळण्यात असलेली मुलगी सोमवारी लग्नाची होते आणि तिची आई मात्र कानाजवळच्या दोन पांढऱ्या बटांवर भागवते. चित्रात ही अडचणच नाही. पण अडचण नाही म्हणजे वाढवायचंच नाही, असंही नाही. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत 'गॅसोलीन ॲली' नावाची चित्रपट्टी १९१८ पासून येते. तिच्यात १४ फेब्रुवारी १९२१ या दिवशी एका ब्रह्मचारी गृहस्थाच्या दारात एक तान्हं बाळ सापडलं. ते बाळ वाचकांबरोबर वाढलं, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलं, लग्न करून संसाराला लागलं, आजोबा झालं. म्हणजे कागदावरच्या माणसालाही म्हातारं करता येतं. न करणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो.

नोबिताच्या बाबतीत तो निर्णय कसा झाला, ते मला फार आवडतं. जपानमधल्या शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेची प्रत्येक इयत्तेसाठी वेगळी मासिकं होती. पहिलीवाल्यांचं वेगळं, दुसरीवाल्यांचं वेगळं. जानेवारी १९७० च्या अंकांपासून फुजिको एफ. फुजिओ यांनी डोरेमॉन सुरू केला तो एकाच वेळी अशा सहा मासिकांत, बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. प्रत्येकात गोष्ट वेगळी, आणि नोबिता साधारण त्या त्या वाचकांच्याच इयत्तेतला. जपानात शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. मार्च संपला की दुसरीतलं पोर तिसरीचं मासिक घेणार आणि तिथे त्याला तिसरीतला नोबिता भेटणार. त्याच्या मागे दुसरीच्या मासिकात दुसरीतला नोबिता नव्या मुलांसाठी उभाच. आपल्या शाळेत चौथीला एक बाई असायच्या. मुलं पाचवीत जायची, बाई चौथीतच राहायच्या आणि जूनमध्ये नव्या मुलांना तोच पाढा, तोच दरारा. नोबिताचं तसं झालं. पुढे या गोष्टींची पुस्तकं निघाली आणि तो बहुतेक ठिकाणी चौथीत स्थिरावला.

पण एकदा तो मोठा झाला होता. मार्च १९७४ च्या, तिसरीच्या मासिकातली गोष्ट. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जायचं असतं आणि त्याचा पाय निघत नाही, कारण मागे या पोराचं कसं होणार. त्या रात्री नोबिता जियानशी भांडतो, पहिल्यांदाच डोरेमॉनला हाक न मारता. वेड्यासारखा मार खातो पण सोडत नाही, पुन्हा पुन्हा उठतो, शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सुजलेल्या तोंडाने नोबिता डोरेमॉनला सांगतो, मी एकटा जिंकलो, आता तू निश्चिंत जा. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो. खोली रिकामी.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका मुलाच्या मोठं होण्याची गोष्ट झाली असती, आणि फार चांगली. तिसरी संपली, मासिक संपलं, मित्र गेला. पण पुढच्याच महिन्यात, एप्रिलच्या, चौथीच्या मासिकात डोरेमॉन परत आला. कसा, तर जाताना तो एक औषध ठेवून गेलेला असतो. ते प्यायलं की तुम्ही म्हणाल त्याच्या उलटं खरं होतं. नोबिता रडत म्हणतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही, आणि तो खोलीत हजर. एप्रिल फूलचा महिना, म्हणून ही युक्ती. महिनाभर आधी त्या पोराने मार खाऊन जे मिळवलं होतं, ते एका घोटात रद्द. त्यानंतर आजतागायत तो जियानचा मार खातोच आहे.

मला या दोन गोष्टी लागोपाठ वाचताना आनंदही झाला आणि चीडही आली. लेखकाने एकदा दाखवून दिलं की याला मोठं करणं अगदी सोपं आहे, एक रात्र पुरते. आणि मग का करत नाही, तेही दाखवलं. पहिल्या गोष्टीत नोबिताच्या टेबलाच्या खणातून त्याचा खापरपणतू येतो आणि सांगतो की तू पुढे इतका दिवाळखोर होणार आहेस की तुझं कर्ज आम्ही फेडतोय, म्हणून हा रोबो तुला सुधारायला आणला. ज्या दिवशी नोबिता सुधारेल त्या दिवशी डोरेमॉनचं काम संपलं. तेव्हा त्याने सुधारायचं नाही. खणात टाइम मशीन आहे, ते त्यात बसून स्वतःचं शिझुकाशी लग्नही बघून येतात. फक्त चालत चालत तिथवर जायची परवानगी नाही.

टीव्हीने हे आणखी पक्कं केलं. एप्रिल १९७९ पासून जपानात डोरेमॉनची जी मालिका सुरू झाली, ती दर भागाला नवं पोर बघायला बसणार हे धरून. त्याने मागचं काही पाहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक भाग सुरू झाला तिथेच आणून सोडायचा. आपल्याकडे तर कुठला भाग कधीचा हे वाहिनीच्या लोकांना तरी ठाऊक असेल का, अशी शंका यावी इतके ते मागेपुढे लागतात, आणि कुणाचंही काही अडत नाही. वय वाढलं असतं तर हे जमलं नसतं. शिवाय दप्तरं, डबे, पेन्सिली, बाहुल्या. एका विशिष्ट गोल चेहऱ्यावर बेतलेला सगळा बाजार, त्याला पंचविशीतल्या नोबिताचं काय करायचं? यावर अधिक लिहीत नाही, ते सगळ्यांना कळतं.

मला जास्त गंमत वाटते ती न वाढणाऱ्या मुलाभोवतीच्या मोठ्यांची. अमेरिकेतली कार्टून मालिका 'द सिम्प्सन्स' १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झाली. बार्ट दहा वर्षांचा, लिसा आठ, मॅगी तोंडात चोखणी घेऊन एक वर्षाची. सगळे अजून तितकेच. १९९१ च्या एका भागात बार्टचे आईवडील, होमर आणि मार्ज, कसे भेटले ते दाखवलं: साल १९७४, दोघं शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तेव्हा हिशेब जुळत होता. पण बार्ट दहाचाच राहिला आणि वर्षं सरत गेली, तसा तो हिशेब बसेना. मग २००८ च्या एका भागात तेच होमर आणि मार्ज १९९० च्या दशकात बिनमुलांचे तरुण म्हणून दाखवले. म्हणजे ज्या काळात बार्ट अमेरिकाभर टी-शर्टांवर झळकत होता, त्याच काळात त्याचे आईबाप अजून प्रेमात धडपडत होते! पोराचं वय धरून ठेवायचं तर आईबापांचं तारुण्य पुढे पुढे सरकवावं लागतं. आम्ही आयाही थोड्याफार फरकाने हेच करतो म्हणा, पण तो विषय वेगळा.

हे सरकवणं मला फारसं पटत नाही. जपानमधलीच 'चिबी मारुको-चान' बघा. मोमोको साकुरा यांनी आपल्या शिमिझू गावातलं १९७० च्या दशकातलं बालपण त्यात मांडलं. मारुको तिसरीत आहे आणि तिसरीतच राहते, पण तिच्याबरोबर तिचा काळही थांबलेला आहे. तेव्हाचेच गायक, तेव्हाचाच टीव्ही. त्याला आठवण म्हणता येतं. डिटेक्टिव्ह कोनानचं मात्र उलटं. औषधाने सहा-सात वर्षांचा होऊन बसलेला हा शाळकरी गुप्तहेर १९९६ पासून टीव्हीवर खून उकलतो आहे, हजारावर भाग झाले, गोष्टीतलं वर्ष काही उलटलेलं नाही. त्या एका न उलटलेल्या वर्षात हातातला फोन बदलून स्मार्टफोन झाला. आणि इतके खून! त्या गावात माणसं उरली कशी, हा प्रश्न विचारायचा नसतो. पोकेमॉनवाल्यांनी तर ॲशला २५ वर्षं दहाचाच ठेवला, २०२२ मध्ये जगज्जेता केला आणि पुढच्या वर्षी निरोप दिला. अकरावं वरीस लागू देण्यापेक्षा त्यांना तो निवृत्त झालेला चालला.

आपला चिंटू कार्टून मालिकेतला नव्हे, पण १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज सकाळी भेटायचा. त्याच्याबरोबर शाळेत असणारे आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडतात. २०१२ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा खराखुरा मुलगा घ्यावा लागला. छापील चिंटूला कुणाची भीती नव्हती; पडद्यावरच्याला मिसरूड फुटणार हे ठरलेलंच होतं.

या सगळ्यांत थोरली म्हणजे साझाए-सान. आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही. फुजी टेलिव्हिजनवर ५ ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते, सर्वांत दीर्घकाळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून २०१३ मध्ये गिनेसने तिची नोंद घेतली. जपानी माणसाला तिचं संगीत ऐकू आलं की उद्या सोमवार आहे या विचाराने पोटात गोळा येतो म्हणतात. गोष्ट अगदी साधी. साझाए चोवीस वर्षांची, नवरा मासुओ, तीन वर्षांचा मुलगा तारा, आणि हे तिघं राहतात साझाएच्या माहेरी: वडील नामिहेई, आई फुने, पाचवीतला भाऊ कात्सुओ, तिसरीतली बहीण वाकामे. आपल्याकडे घरजावई म्हटल्यावर जी कुजबुज झाली असती ती तिथे नाही.

ही साझाए मुळात वाढत होती. माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका सायंदैनिकात ती काढायला सुरुवात केली तेव्हा ती अविवाहित, धांदरट मुलगी होती. हासेगावांना टोकियोला जायचं ठरलं, चित्रपट्टी आवरती घ्यायची, म्हणून त्यांनी तिचं लग्न लावून दिलं. पुढे ती दुसरीकडे पुन्हा सुरू झाली, मूल झालं. आणि मग तिथेच घड्याळ बंद पडलं. कात्सुओ दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी सुट्टीचा अभ्यास रडत-भेकत उरकतो, दरवर्षी नवं वर्ष येतं, चेरी फुलते, पावसाळा येतो. ऋतू येतात-जातात, वर्ष मात्र पुढे सरकत नाही. घरात काळा, तबकडी फिरवायचा फोन अजून आहे. मला हे आवडतं. निदान सोंग तरी नाही. हाताने पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर, रंगवायची पद्धतही त्यांनी २०१३ पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती.

हे घर जसंच्या तसं ठेवायला मात्र माणसं लागतात, आणि ती माणसं म्हातारी होतात. कार्टूनमधल्या लहान मुलांना आवाज बहुधा मोठ्या बायकाच देतात. पोराचा आवाज फुटायची भीती नको. तीन वर्षांच्या ताराचा आवाज १९६९ पासून ताकाको सासुगा या बाईंचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा तारा तीनच वर्षांचा होता. पन्नासहून अधिक वर्षं बोबडं बोलायचं, ही नोकरी कशी असेल? पहिल्या भागापासूनच्या आता एकट्या मिदोरी काटो उरल्यात. ऐंशी ओलांडलेल्या या बाई चोवीस वर्षांच्या साझाएला आवाज देतात. २०२४ या एका वर्षात मारुकोचा आवाज असलेल्या ताराको गेल्या, जुन्या नोबिताच्या नोरिको ओहारा गेल्या, जुन्या डोरेमॉनच्या नोबुयो ओयामा गेल्या. सिम्प्सन्समध्ये बार्टच्या वर्गशिक्षिकेला आवाज देणाऱ्या मार्शिया वॉलेस २०१३ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ते पात्रच थांबवलं. अनेक भागांच्या सुरुवातीला बार्ट शिक्षा म्हणून फळ्यावर एक वाक्य शंभरदा लिहीत असतो. त्या वेळी त्याने एकदाच लिहिलं, की मिसेस के, तुमची फार आठवण येईल. न वाढणाऱ्या मुलाच्या जगात मरणाला आत यायला हीच एक वाट आहे, आवाजाची.

यातही मला सगळ्यांत ओढ लागली ती नामिहेईची, एक तर आमची वयं जवळपास म्हणून. तो चोपन्न वर्षांचा. डोक्याला टक्कल, मधोमध एकच केस, घरी किमोनो, आवाज चढला की कात्सुओ पळतो. टोकियोत हासेगावांच्या साकुराशिनमाची भागात या कुटुंबाचे पुतळे उभे केलेत आणि नामिहेईच्या पुतळ्याचा तो एकुलता एक केस कुणीतरी उपटून नेला. पुन्हा लावला, पुन्हा उपटला! त्याला आवाज होता इचिरो नागाई यांचा. १९६९ मध्ये नागाई अडतीस वर्षांचे होते, म्हणजे सोळा वर्षांनी थोरल्या माणसाचं सोंग करत होते. १९८५ मध्ये दोघांचं वय एक झालं. पुढे नागाई निघून गेले आणि नामिहेई मागे राहिला. जानेवारी २०१४ मध्ये नागाई वारले तेव्हा ते ब्याऐंशीचे होते, अठ्ठावीस वर्षांनी धाकट्या माणसाच्या आवाजात रागवत असलेले. त्यांच्या जागी चाफुरिन नावाचे कलाकार आले, तेव्हा ते बावन्नचे. त्यांनीही चोपन्न केव्हाच ओलांडलं.

आणि त्या चोपन्नचा अर्थही जागेवर राहिलेला नाही. मालिका सुरू झाली तेव्हा जपानी कंपन्यांत पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त करायची रीत होती. म्हणजे नामिहेई घरी बसायला आलेला माणूस, नोकरीचं शेवटचं वर्ष, म्हणून तो तसा म्हातारा काढलेला. आता तिथे कायद्याने साठच्या आत निवृत्त करता येत नाही, पासष्टपर्यंत काम देणं बंधनकारक, आणि २०२१ पासून सत्तरपर्यंत द्यायचा प्रयत्न करा असंही कंपन्यांना सांगितलंय. एक दिवसही म्हातारा न होता त्या बापड्याची नोकरी निदान दहा वर्षांनी वाढली. आमचे हे राज्य सरकारी खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटले. त्यांना ही सगळी हकिकत जेवताना सांगितली. ताकाचा भुरका घेऊन म्हणाले, "त्याला म्हणावं, पेन्शनची फाईल आत्ताच टाक. पुढे सर्व्हिस बुकातलं वय जुळवताना नाकी नऊ येतील."